साखळी वाढली

३ मार्च

पिशवी पुन्हा फाटली! ओल्या कचऱ्यासकट, माझ्याच पायावर. मक्यापासून केलेलं हे प्लॅस्टिक दिसायला काचेसारखं, आणि स्वभावानंही तसंच. मशीनच्या उष्णतेत त्याच्या लांबलचक साखळ्यांचे तुकडे पडतात, मग पिशवीत दम कुठून येणार? आता एकच उपाय — जोड-पावडर. तुकड्यांची टोकं धरून साखळ्या पुन्हा लांब करणारी. जास्त झाली तर गाठी, कमी पडली तर पाय धुवा.

या पिशव्या विकत घेणार त्या खतवाल्या बाईंच्या अटी दोन: पिशवी हातात फाटायची नाही, आणि खताच्या ढिगात नव्वद दिवसांत कुजली पाहिजे. साहेबांची अट एक: मार्चअखेर जमलं नाही तर हे काम बंद. म्हणजे मीही बंद.

५ मार्च

ताप. नेमका आज! चाचणी बाबांवर सोपवली. घरी बाबा, कारखान्यात मशीनवरचे उस्ताद. दहादा बजावलं — प्लॅस्टिकचे दाणे चार तास वाळवा, पावडर अर्धा टक्का, आणि काय होईल ते लगेच फोनवर सांगा.

चारला फोन. "साखळी वाढली गं." आणि ठेवला!

ताप कुठल्या कुठे पळाला. लगेच साहेबांना कळवलं. त्यांनी बाईंना दहा तारखेला बोलावलंसुद्धा.

६ मार्च

मेले! रोल गुंडाळायच्या चाकाची साखळी तुटली होती. लोखंडाची! पिशवी निघालीच नव्हती. बाबा 'तुटली' म्हणत नाहीत, अशुभ म्हणे. आमच्याकडे आईची बांगडी कधी फुटली नाही, वाढली. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. एकोणतीस वर्षं हे ऐकतेय, तरी डोकं धावलं पावडरीकडे.

"कुठली साखळी, हे विचारायचंस की," बाबा.

"तुम्ही एकदा तरी सरळ बोलायचंत!"

आई हसून हसून खाली बसली. साहेबांना सांगायची माझी छाती होत नाही. चार दिवस आहेत.

८ मार्च

गाठी. नुसत्या गाठी.

९ मार्च

निघाली! मी पावडर निम्मी केली, बाबांनी मशीनची उष्णता उतरवली आणि दाणे आणखी दोन तास वाळवले. वाळवण्यावरून भांडलो, ते बरोबर निघाले — हे इथेच लिहिते, त्यांना सांगणार नाही. दोघांनी दोन टोकं धरून पिशवी ओढली. बाबा धप्पकन खाली, पिशवी जशीच्या तशी. मला इतका आनंद झाला की बाबांना उठवायचंच विसरले.

१० मार्च

बाईंनी पिशवीत ओला कचरा भरला, वर दोन विटा टाकल्या आणि गरागरा फिरवली. "पहिली अट पास!" आमच्या तीन पिशव्या आणि जुनी, पायावर फाटणारी एक, अशा चार त्यांच्या ढिगात पुरल्या. ऑर्डर पक्की होणार नव्वद दिवसांनी. तोवर काम चालू, मीही चालू. साहेबांना साखळीचं खरं सांगून टाकलं. ते चहा सांडेपर्यंत हसले.

८ जून

ढीग उकरला. जुन्या पिशवीचा मागमूस नाही, पार खत झालं. आमच्या तिन्ही शाबूत. बाईंनी एक उचलली, नळाखाली धरली, झटकली आणि माझ्या हातात परत दिली. कोरी करकरीत.