कुणी खो देईना

२१ ऑगस्ट
आजही नाही. तासभर चौकोनात उकिडवी बसले, पायांना मुंग्या आल्या, पण खो एकदाही नाही. बाकीच्या उठल्या, पळल्या, परत बसल्या. मी आपली शेंदूर फासलेल्या मारुतीसारखी जागच्या जागी.

कारण ठाऊक आहे. गेल्या महिन्यात माझा गुडघा फुटला तेव्हा आमचे कोच ललित सर सगळ्या टीमवर ओरडले. "परदेशी पाहुणी आहे. हातपाय मोडला तर मॉरिशसला काय सांगू मी?" तेव्हापासून मला खेळायला घेतात, ओळीत बसवतात, आणि पाठीला बोट लावत नाहीत.

२३ ऑगस्ट
पायलला विचारलंच. कॅप्टन आहे ती. म्हणाली, "दीदी, तुम्ही मजा घ्या ना. उगाच लागलं-बिगलं तर?"
मजा! जूनमध्ये इथे कॉलेजला आले तेव्हापासून मजाच घेतेय. पुरे झाली.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. मी ज्यांच्याकडे राहते त्या साधनाकाकूंनी मला आरतीला पुढे उभं केलं. मला सगळी पाठ येते म्हटल्यावर शेजारणींना बोलावून पुन्हा म्हणायला लावली. "हिला येते बघा, फॉरेनची असून!" अहो, आमच्याकडे चार पिढ्या म्हणतात ही आरती. तिकडे वर्गात मी मराठ्यांची पोर म्हणून वेगळी. इथे फॉरेनची म्हणून वेगळी. धड ना तिथली, धड ना इथली.

जेवण झाल्यावर ताटं उचलायला गेले तर काकूंनी हातातून काढून घेतली. पाहुण्यांनी नाही करायचं म्हणे. मिसळसुद्धा मला वेगळ्या पातेल्यातली मिळते, बिनतिखटाची. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२८ ऑगस्ट
उद्या राष्ट्रीय क्रीडा दिन. शेजारच्या कॉलेजशी आमच्या मुलींचा सामना. टीममध्ये माझं नाव आहे – राखीव, पण आहे!

आईला फोन केला. म्हटलं, उद्या एकदा तरी खो मिळाला नाही तर मी परत येते, मला इथे राहवत नाही. मी गंमत करत नव्हते.

२९ ऑगस्ट, दुपारी
मध्यंतर. स्टेजमागे बसून लिहितेय.

सकाळी शपथ झाली, रस्सीखेच झाली. मग माइकवरून माझं नाव पुकारलं. टीमची ओळख करून देतायत असं वाटून मी धावत गेले. तर शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची! ललित सर कानाशी येऊन म्हणाले, "इथून छान दिसेल तुम्हाला." मांडीवर नारळ घेऊन बसले. फोटो निघाले. मी हसलेसुद्धा.

पहिल्या डावात स्नेहाचा पाय मुरगळला. दुसरी राखीव मुलगी तापाने घरी. उरले मी. सर म्हणाले, आठजणींनीच खेळा. पायलने एकदा वर माझ्याकडे बघितलं, मान फिरवली. हरलो तरी चालेल, पण हिला हात लावायचा नाही. इतकी कशी मी परकी?

तिकीट काढायचं. आजच.

३० ऑगस्ट
पाठीवर पायलची पाचही बोटं उमटलीत. आरशात मान वळवून दोनदा बघितली. काकू हळद लावते म्हणाल्या, नको म्हटलं.

काल शाल खुर्चीवर टाकून मी खाली उतरले आणि सर काही बोलायच्या आत रिकाम्या चौकोनात जाऊन बसले. शेवटच्या मिनिटाला पायलने खो दिला – असा, की मी जवळजवळ तोंडावर पडले. उठले, पळाले आणि घाईत उलटी वळले. फाऊल. पळणारी निसटली. सामना गेला.

पायल सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली, "तुझ्यामुळे हरलो आपण, कळतंय का? रविवारी सुट्टी-बिट्टी काही नाही. सकाळी सहाला ग्राउंडवर ये."