काढलेलं कुलूप

१९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघूनही पत्र उघडलंस, हेच खूप झालं. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? आई बरी आहे. ऐकायला कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकते.

माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालंय. आपल्या कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या कोडच्या गाभ्यातच, भगदाड सापडलं. एका कामाने परत केलेली मेमरी दुसऱ्याला दिली जाते, तरी पहिलं काम तिथे लिहीतच राहतं. ती वेळ साधून कुणीही परका मशीनचा मालक होऊ शकतो. बाहेरच्या ज्या बाईंनी हे शोधलं, त्यांनी दुरुस्तीसाठी तीस दिवस गप्प राहायचं कबूल केलं, मग त्या ते जाहीर करणार. त्यातले चोवीस गेले.

पहिल्या दुरुस्तीने मशीन गोठलं. दुसरीने चूक नुसती जागा बदलून बसली. सोमवारी साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, होईल. खरं तर हात टेकले होते.

मग कोडच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून मागे वाचत गेले. तिथे एक कुलूप होतं. दोन कामांनी एकदम त्या मेमरीला हात लावू नये म्हणून तू घातलेलं. सात वर्षांपूर्वी ते कुणीतरी काढलं, मशीन जरा जलद चालावं म्हणून. काढणाऱ्याचं नाव माझं होतं.

त्याच वर्षी आपल्या कोडवर चालणारी इस्पितळातली मशीनं बंद पडली. ठपका तुझ्या कोडवर आला. चौकशीच्या खोलीत मी तुझ्या शेजारीच होते. तू विचारलंस, "तू इथे काही बदललं होतंस का?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

आठवत होतं, दादा. खात्री नव्हती, आणि ती करून घ्यायची छाती झाली नाही. तू राजीनामा दिलास, मी तुझ्या खुर्चीवर बसले.

कुलूप परत घातलंय. चाचणी बावीस तास चाललीय, मशीन अजून बंद पडलेलं नाही. दुरुस्तीसोबत कारण लिहावं लागतं, ते सगळ्या जगाला दिसतं. मी लिहिलं, 'मूळ कोड बरोबर होता. चूक मी केली.' खाली दोघांची नावं. साहेब म्हणाले, नावं कशाला, काम झालं ना. मी खोडलं नाही. पत्र पोचेपर्यंत जाहीर झालेलं असेल. नोकरी बहुधा जाईल.

ते सोसेन. पण तुझी सात वर्षं कुठून आणून देऊ, हे सुचत नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते.

सगळं आठवत असलेली,
तुझी धाकटी