लांडग्यांना काय ठाऊक

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

दादा आता आमच्या खेळाला येणार नाही. मला वाटलं रागाच्या भरात बोलला असेल, पण काल वहिनीने फोनवर पक्कं सांगितलं. फासेसुद्धा त्याने शेजारच्या मुलीला देऊन टाकले.

कसला खेळ, म्हणशील. दर रविवारी आम्ही पाच जण टेबलाभोवती बसतो. चौघे एकेक पात्र घेतात. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवायची आणि सगळे शत्रूही मीच खेळवायचे. दादा वैद्य असतो. गेल्या खेपेला मी सहा लांडगे सोडले. ते पुढच्या तलवारवाल्यांना बगल देऊन थेट मागच्या वैद्यावर गेले, तेही त्याच्या अधू डाव्या गुडघ्यावर. तो पडला तरी सोडेनात. दादा म्हणाला, हे लांडगे नाहीत, तू आहेस. मी म्हटलं, मग शत्रूंनी काय हात जोडून उभं राहायचं? तो उठून गेला.

घरं वेगळी झाल्यापासून आम्हा दोघांचं बोलणं त्या टेबलावरच होतं. ते गेलं तर वाढदिवसाचे फोन तेवढे उरतील. तू पस्तीस वर्षं जनावरांची डॉक्टर होतीस. खरं सांग, लांडगा कुणाला धरतो?

तब्येतीला जप, आणि रागावायचं असलं तरी उत्तर लिही.

तुझी भाची

९ मार्च

चि. मास्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

मी लांडगे कमी आणि त्यांनी फाडलेली मेंढरं जास्त पाहिली. टाके घालून घालून एवढं कळलं, की तो कडेचं, मागे पडलेलं, लंगडणारं धरतो. तेव्हा मागच्या माणसावर गेला ते ठीकच. पण एक सापडलं की त्याला ओढून न्यायचं बघतो, तिथे उभा राहून दुसऱ्यांचे वार खात नाही. त्याला पोट भरायचं असतं, लढाई जिंकायची नसते. आणि स्वतःला लागलं की निघतो, कारण रानात माझ्यासारखी कुणी बसलेली नसते. तुझे सहाही शेवटपर्यंत लढले. पगारी होते काय?

दुसरं असं, की वैद्याचा गुडघा अधू आहे हे त्यांना कुणी सांगितलं? तो लंगडत होता का?

इकडे सगळं ठीक. मांजर माझ्याच खुर्चीत झोपते, मी स्टुलावर बसून हे लिहितेय. लोभ आहेच, वेगळा मागू नकोस.

आत्या

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

नव्हता लंगडत. वैद्य गुडघा सगळ्यांपासून लपवतो. आमच्यात प्रत्येकाने आपल्या पात्राचं एक गुपित चिठ्ठीवर लिहून मास्टरकडे ठेवायचं असतं. ते दादाचं गुपित होतं. बाकी तिघांच्या चिठ्ठ्यांना मी हात लावला नाही. आदल्या रविवारी त्याने चारचौघांत माझी नियमांची चूक काढली होती, ती मनात होती. लांडग्यांच्या आडून मीच चावले.

गेल्या रविवारी टेबल मांडलंच नाही. बसून प्रत्येक शत्रूसाठी एक कार्ड लिहिलं. त्याला काय हवंय, त्याला काय दिसतं, तो केव्हा पळतो. काल दादाची चिठ्ठी त्याला परत पाठवली, सोबत ती कार्डं आणि चूक माझी म्हणून दोन ओळी. लांडग्यांची झुंज पहिल्यापासून खेळू असंही लिहिलंय. उत्तर आलेलं नाही.

माया कमी करू नकोस.

तुझी भाची

१९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

धाकटीने तुला सगळं कळवलंय, हे तिच्या कार्डांवरूनच ओळखलं. पोट भरणारा लांडगा तिला सुचणं शक्य नाही. मीही काही कमी नाही. तिची चूक तिला बाजूला घेऊन सांगता आली असती.

रविवारी जातोय. वैद्य पूर्वीसारखाच मागे उभा राहील. फक्त या वेळी चालताना लंगडेल, टेबलावरच्या सगळ्यांना दिसेल असा. मग लांडगे त्याच्यावर आले तर माझी तक्रार नाही. पुढचे दोघे त्याला मध्ये घेतात का, ते बघायचं.

तुझा, आशीर्वाद हवा असलेला,
भाचा