मामाच्या तारप्याचं मेण

रविवार, संध्याकाळ

सोमामामाचा तारपा मीच बिघडवला. लिहून टाकतो, नाय तं पोट फुटंल.

मामा पहिल्यांदाच विमानात बसणार होता, दिल्लीला वाजवायला. एवढा लांबलचक तारपा मांडीवर घेऊन विचारतो, "भाचा, याला घेतील ना रं विमानात?"

मी म्हटलं, "घेतील. पण भोपळ्याला नळ्या चिकटवल्यात ना, ते मेण काढ. तपासणीच्या मशीनीत ते बारूदासारखं दिसतं, धरून नेतात. तिकडं मिळंल दुसरं."

मामा घाबरला. चाकूनं सगळं मेण खरवडलं. मी बाजूला बसून दाखवत होतो, "इथं राह्यलं, मामा." हसू कसं दाबलं, माझं मला माहीत.

दिल्लीत आमच्या जंगलातलं मेण कुठलं? कुणीतरी चिकटपट्टी लावून दिली, तिच्यातून हवा निसटायची. स्टेजवर मामा गाल फुगवून फुंकतोय आणि नुसतं फुस्स. व्हिडिओ आला. बोईसरला कंपनीत पोरांना चार वेळा दाखवला. फुस्स झालं की सगळे लोळायचे.

आज पालघर स्टेशनात आणायला गेलो, तं मामानं मला मिठी मारली. "तू सांगितलंस म्हणून वाचलो. मशीनीतून सुटला तारपा. पण आता नाय वाजवणार. पट्टी घट्ट होती रं, माजी फुंकच संपली."

आणि मी काय बोललो? "वय झालं, मामा."

असं का बोललो? मेण लावून दिलं तं आजपण वाजवंल तो. पण मंग समजंल ना त्याला, फुंक नाय, मेणच नव्हतं, अन् ते मीच काढायला लावलं.

ज्याच्या हाती ही वही लागंल त्याच्या पाया पडतो. कुणाला बोलू नको. मामाला तं नकोच.