शुक्रवारचा निरोप

सेलवोग
शुक्रवार, १२ एप्रिल २०२४

प्रिय तोरुन,

तू बरी असशील अशी आशा करते. इकडे बर्फ गेला, बदकं परतली, आणि जिना चढताना माझा डावा गुडघा कुरकुरायला लागलाय. हामारला तुमच्या तळ्यावर अजून बर्फ असेल. तिथे समुद्र नाही म्हणूनच तू ते गाव निवडलंस, हे मला ठाऊक आहे.

शेतिलच्या दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत तू माझ्याशी एक वाक्य बोलली होतीस. तुझ्या हातात कॉफीचा कप होता, त्यातली कॉफी तशीच होती. "एक फोन करायला त्याला किती वेळ लागला असता गं, हेगे?" मी कप तुझ्या हातातून काढून घेतला आणि विसळायला नेला. या वाक्याला दुसरं कोणतंही उत्तर मी वीस वर्षांत दिलेलं नाही.

इंग्विल ईस्टरला येऊन गेली. तेवीस वर्षांची झाली, तरी वॅफल अजून हातानेच फाडून खाते. बोलता बोलता म्हणाली की चर्चचं पत्र आलंय, कबरीच्या जागेची वीस वर्षांची मुदत संपली, पुढे ठेवायची असेल तर कळवायला सांगितलंय. तू म्हणालीस म्हणे, दगड नेऊ देत, ज्याला एक फोन करायचा कंटाळा आला त्याला दगड कशाला. मग ती मला म्हणाली, "बाबा आळशीच होते ना गं, मावशी? आई सांगते तसे?" मी जॅमची बाटली तिच्यापुढे सरकवली.

म्हणून हे पत्र. पण सरळ मुद्द्यावर यायचं म्हटलं की हात थांबतो, तर आधी थोडं माझ्या कामाबद्दल लिहिते. तू ते कधी विचारलं नाहीस.

मी नऊ वर्षांची असताना बरणीत डबक्याचं पाणी भरून आणलं होतं, आठवतं? मी तुला सूक्ष्मदर्शकात बघ म्हटलं, तर तू विचारलंस, प्राणी की झाडं? मी म्हटलं, दोन्ही नाहीत. "मग मला नाही बघायचं." तू कधीच पाहिलं नाहीस. शेतिल मात्र तुमचं लग्न ठरलं त्याच उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तपासायच्या आमच्या स्टेशनवर आला आणि तासभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. त्यात काचेच्या डब्या घालून राहणारे होते, केसाळ अंगाने गरगर फिरणारे होते, पुस्तकात झाड म्हणून शिकवतात तरी दुसऱ्याला गिळणारे होते. एकच पेशी, पण एकाचं दुसऱ्याशी नातं तुझं माझं आणि अळंबीचं आहे त्याहूनही लांबचं. मी म्हटलं, यांना प्रोटिस्ट म्हणतात. जे प्राण्यांत बसले नाहीत, वनस्पतींत बसले नाहीत, बुरशीत बसले नाहीत, ते सगळे यात. तो म्हणाला, "म्हणजे कुणीच घरात घेतलं नाही त्यांचं खोकं. मला वाटलंच, तू यांच्यात रमणार."

मला तो फार आवडायचा, तोरुन. भाऊ म्हणून. हे आधी लिहून ठेवते.

आता त्या आठवड्याचं. तुला माहीत आहे, गुरुवारी धक्क्यावरून पाणी आणायचं, आयोडीन घालून चहाच्या रंगाचं करायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. मेलेल्या पेशी तळाशी बसतात. शुक्रवारी सकाळी त्या मोजायच्या, आणि तीन वाजता फोनच्या मशीनवर निरोप भरायचा. शिंपले काढायला निघालेला माणूस त्या नंबरवर फोन करायचा आणि माझा आवाज ऐकायचा: आज तारीख अमुक, सेलवोग परिसरातले शिंपले खायला हरकत नाही. किंवा, खाऊ नका.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी 'खाऊ नका' म्हटलं होतं आणि ते चुकलं होतं. गोल, तपकिरी, अंगावर चिलखताच्या पट्ट्या असलेल्या पेशी दिसल्या होत्या. विषारी वाटल्या, निघाल्या निरुपद्रवी. विष बनवणारी जात आणि तिची ही निरुपद्रवी बहीण आयोडीनमध्ये जवळजवळ सारख्या दिसतात, दोघी गडद बटणासारख्या. शिंपलेवाल्यांचा आठवडा वाया गेला. आमचा प्रमुख सगळ्यांसमोर म्हणाला, "हेगेला आता वाटाण्यातही विष दिसेल." लोक हसले. मीही हसले.

२३ एप्रिलला पुन्हा तीच बटणं दिसली. एकशेचाळीस मोजली. खात्री करायची तर आयोडीनचा रंग उतरवायचा, दुसरा रंग चढवायचा, निळ्या उजेडात पट्ट्या बघायच्या. टोकावरच्या पट्टीत स्वल्पविरामासारखं छिद्र असेल तर विषारी. सगळं मिळून पाऊण तास. रंगाची कुपी माझ्या कोपरापाशी होती. समोरच्या टेबलावर प्रमुख बसला होता. मी कुपी उघडली नाही. एकशेचाळीसचा आकडा निरुपद्रवीच्या रकान्यात लिहिला, आणि तीन वाजता भरलं, हरकत नाही.

आता तू विचारशील, मग पोलिसांच्या तपासात मशीनवर 'खाऊ नका' कसं निघालं.

शेतिल गेल्याचं मला रविवारी सकाळी कळलं. मी स्टेशनवर गेले, कुपी उघडली, बटणं पाहिली. प्रत्येकाच्या डोक्यावर ते छिद्र होतं. मग मशीनवर नवा निरोप भरला: आज शुक्रवार, २३ एप्रिल. खाऊ नका. आवाज नेहमीसारखाच आला. दोन वेळा भरावं लागलं, पहिल्यांदा बाहेर बोट गेली. वहीत आम्ही पेन्सिलने लिहितो, ओल्या हातांनी शाई फुटते म्हणून. आकडा खोडून शेजारच्या रकान्यात घातला. सोमवारी पोलिसांनी त्या नंबरवर फोन केला आणि शुक्रवारची तारीख ऐकली. त्या थंडीत शनिवारी दुसरं कोणी शिंपल्यांना गेलं नसावं, किंवा ज्याने फोन केला असेल तो पुढे बोलला नाही. निष्कर्ष निघाला की मृताने चौकशी केली नाही.

त्याने केली होती.

शनिवारी सकाळी दहाला त्याने माझ्या घरी फोन केला. तू इंग्विलला घेऊन सासूबाईंकडे गेली होतीस, चारच्या बोटीने येणार होतीस, तुझ्यासाठी काहीतरी करून ठेवायचं त्याच्या मनात होतं. म्हणाला, "मशीनवर तुला ऐकलं. काय गं, दफनविधीची घोषणा करतेस का? शिंपले आपणहून तोंड मिटतील." मी म्हटलं, लसूण जास्त घालू नकोस, तोरुनला चालत नाही. त्या क्षणीही माझ्या मनात आलं होतं, थांब म्हणावं, दोन तास दे, मी बघून सांगते. मी लसणाचं बोलले.

बाकीचं तू मला एकदाच सांगितलं आहेस, आणि मला ते शब्दन् शब्द पाठ आहे. तू आलीस तेव्हा त्याने अर्धं पातेलं संपवलं होतं. ओठांना मुंग्या येताहेत म्हणाला, दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं वाटतंय, आणि तुम्ही दोघं हसलात. इंग्विलच्या ताटात तू एक शिंपला ठेवला होतास. मग त्याच्या हातातून काटा पडला. तुला कळलं तेव्हा त्याची जीभ हलत नव्हती. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येईना. बोट येईपर्यंत एक तास आणि वीस मिनिटं तू तुझ्या श्वासावर त्याला ठेवलंस. हे विष भान घालवत नाही. त्याला सगळं ऐकू येत होतं. दोन श्वासांच्या मध्ये तू त्याला विचारत राहिलीस, "फोन केला होतास का? केला असशील तर डोळे मीट." त्याचे डोळे उघडेच राहिले, आणि तू ते 'नाही' असं समजलीस.

पापण्याही हलत नाहीत, तोरुन. त्याच विषाने.

हे तू मला सांगत होतीस तेव्हा मी तुझ्या समोर बसले होते. उत्तर माझ्याकडे होतं.

का बोलले नाही? सुरुवातीला नोकरी जाईल, तुरुंग होईल म्हणून. मग तू त्याच्यावर रागावलीस, आणि मला दिसलं की रागामुळे तू उभी राहतेस, स्वयंपाक करतेस, मुलीला शाळेत नेतेस. मी स्वतःला सांगितलं, हा राग तिच्या कामी येतोय. हे मी खूप वर्षं मानलं. इंग्विलने वॅफल फाडता फाडता बापाला आळशी म्हटलं तेव्हा ते मानणं संपलं.

गुरुवारच्या त्या पाण्याची बाटली मी टाकली नाही. आयोडीन उडून जातं, रंग फिका पडला की पेशी कुजतात, म्हणून दर एप्रिलमध्ये मी त्यात थेंब घालते. वीस वेळा घातले. ती बाटली आणि हाच सगळा मजकूर मी सोमवारी पोलिसठाण्यात देणार आहे. त्याआधी तुला कळावं एवढ्यासाठी हे पत्र आजच्या बोटीने कुरियरने पाठवते, उद्या तुला मिळेल. इंग्विलला तू सांग, किंवा मला सांगू दे, किंवा पोलिसांकडून कळू दे. दगडाचंही तूच ठरव. फक्त त्याने केलेला तो फोन हिशेबात धरून ठरव.

माफी मागत नाही. ती मागितली की तुलाच पुन्हा काहीतरी द्यावं लागेल.

एक मात्र मागते. माझा घरचा नंबर तोच आहे, शेतिलने त्या सकाळी फिरवलेला. रविवारी मी दिवसभर घरी असेन. फोन कर, आणि त्याला विचारलंस तेच मला विचार, तेवढंच. मला बोलता येतं. मी हो म्हणेन, मग तू ठेवून दे.

तू करणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी फोनजवळ खुर्ची ओढून ठेवली आहे.

हेगे