आईच्या झग्याखालचं थिसल

ओटागो, शुक्रवार, लोकरीच्या कोठारातून

प्रिय ड्युगल्डमामा,

लॉकीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी आणि मेंढ्या मजेत असतील. आमच्याकडे सगळ्यांचे गुडघे ठीक आहेत, फक्त मी कागद माझ्या गुडघ्यावर ठेवून घाईने लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. (मास्तर म्हणतात ते एरवीही असंच असतं. मास्तरांचं सोडा.)

बाबा प्रांताच्या सभेत निवडून गेल्यापासून घरात नांगर कमी आणि कायदा जास्त चालतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा त्यांचा थिसलचा कायदा पास झाला. ज्याच्या रानात ते जांभळ्या गोंड्याचं काटेरी तण उगवेल त्याला दंड. इथवर ठीक होतं. पण टाळ्या पडल्यावर बाबांना चेव आला आणि ते म्हणाले, माझ्या कुंपणाच्या आत एक जरी थिसल निघालं तर त्याच दिवशी खुर्ची सोडीन. आणि बाबा बोलले की बोलले. नदीवर पूल होईपर्यंत दाढी करणार नाही म्हणाले होते, हल्ली त्या दाढीत आईची सुई हरवते. पुलाचं मतदान येत्या मंगळवारी आहे. गेल्या पुरात मॅक्रेंचा थोरला होडीसकट गेला, ते आठवलं की मलासुद्धा थट्टा सुचत नाही. बाबांची खुर्ची गेली की पूल गेला.

आणि थिसल आहे, मामा. स्वयंपाकघराच्या दाराशी. तुमच्या जुन्या देशाची ती खूण, म्हणून आईने तिथून झग्याच्या अस्तरात शिवून बी आणलं होतं, तेच राखून ती पुन्हा पुन्हा लावते. बाबांना ते दिसत नाही. (त्यांना अख्ख्या प्रांतातलं तण दिसतं, पण दार रोजचंच ना.)

काल लोहाराच्या दुकानात सरकारी तणवाले पर्डीसाहेब भेटले. म्हणाले, "काय रे पोरा, इकडे कुठे थिसल दिसतं का?" मला राहवलं नाही. म्हटलं, "दलदलीच्या पलीकडे, साहेब. घोडा सरळ घाला." पलीकडे काहीच नाही. साहेब कमरेपर्यंत चिखल घेऊन बाहेर आले, आणि तिथून सगळ्यांत जवळचं दार कुणाचं, तर आमचं.

आईने त्यांना फाटकात पाहिलं, बुटकं स्टूल ओढलं आणि चर्चचा तो घेरदार झगा पसरून थेट थिसलवर बसली. पाहुणा आला तरी उठली नाही. मी चहा दिला, म्हणजे निम्मा बशीत आणि निम्मा साहेबांच्या बुटांवर. ते आपले निवांत स्कोन खात बसले. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"यजमानांची आठवण येते का, बाई?"

"फार टोचते, साहेब," आई म्हणाली.

साहेबांनी रुमालाने स्वतःचेच डोळे टिपले. जाताना म्हणाले, इतकं स्वच्छ रान मी पाहिलं नाही, उद्या यजमान येतायत तर परवा पेपरवाल्याला घेऊन येतो.

ते गेल्यावर मी म्हटलं, "आई, उपटू?"

"हात लावून बघ."

"बाबांची खुर्ची जाईल गं."

"मग सभेत बोलायच्या आधी घरी विचारायचं होतं त्यांनी."

मामा, तुम्ही तिचे थोरले भाऊ. तिने ऐकलं तर तुमचंच ऐकेल. बाबा आज संध्याकाळी येतायत, त्याच्या आत या. मला जेवण जात नाही. (सकाळची लापशी गेली, पण चवीने नाही.)

तुमचा घाबरलेला भाचा,
लॉकी

ता.क. येऊ नका. आई गाईंची धार काढायला गेली तेवढ्यात मी ते मातीसकट काढलं. लोकरीत गुंडाळून पिठाच्या गोणीत घातलंय, आजच्या टपालाच्या गाडीतून पाठवतोय. दाराशी लावा, पाणी घाला, जगवा. तुम्ही सभेत काही बोललेला नाहीत, तुम्हाला फार तर दंड होईल. आईला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. बाबांपेक्षा मला तिचीच भीती जास्त वाटते.

आणखी एक. गाडी फाटकात उभी आहे आणि तिच्यात पर्डीसाहेब बसलेत. चिखलात त्यांचा घोडा लंगडा झाला, आणि आज तपासणी तुमच्या रानाची आहे. गोणीत काय म्हणून विचारलं, मी म्हटलं आईने भावाला पीठ धाडलंय. खड्ड्यांत सांडू नये म्हणून त्या भल्या माणसाने ती मांडीवर घेतली. हे पत्रही त्यांच्याच हाती देतोय. ते समोर असताना मोठ्याने वाचू नका (तुमची सवय माहीत आहे). गोणी हळूच घ्या, मामा. बाबांची खुर्ची सध्या त्यांच्या मांडीवर आहे.