डाव्या पायाची पट्टी

चैत्र वद्य पंचमी, नांदूरघाट

आज जत्रेतला हुतूतू आमी जिंकला.

गेल्या जत्रेत माझा उजवा घोटा मोडला, तेव्हा बानं मेंढराचा पाय बांधतात तसा तो कामट्या लावून बांधला. वरून आपल्या पटक्याची पट्टी. "मेंढरू उभं राहतं, तू बी राहशील," म्हणाला. मला खरं वाटलं न्हवतं.

आज तीच पट्टी मी डाव्या, चांगल्या पायाला बांधली. लबाडीच की ही? असंल. समोरच्या, कडा गावच्या गड्यांना माझा पाय मोडल्याचं ठाऊक होतं, कोणता ते न्हाई. मी दम घेऊन शिरलो, तसे चौघं पट्टीवर पडले. "मोडका धर बे, मोडका!" त्या चौघांना ओढत मी मधली रेघ शिवली अन् चौघंही बाद.

बक्षीस देताना तहसीलदारसाहेब उर्दूत लई काही बोलले. त्यातलं ध्यानात काहीच न्हाई. घरी पट्टी सोडताना बानं विचारलं ते मात्र डोक्यातनं जात न्हाई.

"डावा तर त्यांच्या हातात व्हता. मग ओढलं कोणत्या पायानं?"

मघापासून उजव्या घोट्यावरनं हात फिरवतोय. ज्याला दिवसभर लपवत होतो, त्यानंच.